वणवा: इंदूर, महू, चोरलच्या जंगलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोरल, पाताळपाणी, जानापाव, रालामंडलला सहलीला जाणारी इंदूरची मराठी कुटुंबं, सिमरोल-महूकडे शेत किंवा फार्महाऊस असलेली मंडळी आणि गावच्या वनसमितीबरोबर हातभार लावणारे तरुण, या तिघांना पडणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. वनखात्याची माणसं इथं हिंदीतच बोलतात, त्यामुळे त्यांचे शब्दही जागोजागी येतील. ते माहीत असले की जंगलात बोलणं सोपं जातं.

इंदूरजवळ वणवे कधी आणि कुठं लागतात?

मध्य प्रदेशात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरतात. इंदूर वनमंडळात इंदूर, महू, मानपूर आणि चोरल अशा रेंज, म्हणजे वनपरिक्षेत्रं आहेत. माळव्याचं पठार संपून विंध्याचा उतार निमाडकडे घसरतो, तो पट्टा सगळ्यात धोक्याचा. साग जानेवारीपासून पानं टाकायला लागतो. मार्चपर्यंत जमिनीवर पाय रुतावा इतका पाचोळा साचतो, कुसळीचं गवत तर त्याच्याही आधी वाळून उभं असतं. त्यात उतार, घळी आणि दुपारचं ऊन.

टीव्हीवर दिसतो तसा शेंड्यांवरून धावणारा वणवा आपल्याकडे क्वचितच होतो. आपला वणवा जमिनीवरून सरपटतो, पाचोळा आणि गवत खातो. ज्वाळा बहुधा गुडघ्याएवढी, उंच गवतात कमरेच्या वर. म्हणून तर तो माणसांच्या हातानं विझतो. आणि म्हणूनच लोक त्याला हलक्यात घेतात.

उन्हानं किंवा बांबूवर बांबू घासून आग लागते ना?

ही ऐकीव गोष्ट आहे. पाचोळा पेटायला साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसची धग लागते. मे महिन्यात दगड हात लाववणार नाही इतका तापला, तरी त्याच्या जवळपासही जात नाही. कोरडी वीज पडून आग लागू शकते, पण आपल्याकडे वीज बहुतेक पावसाबरोबरच येते. इथले वणवे जवळजवळ सगळे माणसानं लावलेले असतात, मुद्दाम किंवा निष्काळजीपणानं: मोहाखालची साफसफाई, तेंदूला (ज्याच्या पानांच्या विड्या होतात त्या झुडपाला) पालवी यावी म्हणून लावलेली आग, शेतात जाळलेली नरवाई (कापणीनंतर उरलेलं धसकट), विडी, सहलीची चूल, कचऱ्याचा ढीग, वाऱ्यात एकमेकींवर आपटणाऱ्या विजेच्या तारा. यातलं प्रत्येक कारण आधी रोखता येतं, आणि त्याला आग विझवण्याच्या मानानं फारच कमी कष्ट पडतात.

मोहाखाली आग लावतात ती का? त्याला दुसरा उपाय काय?

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. पाचोळ्यात पडलेलं फूल सापडत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करतात. सकाळी फुलं वेचून माणूस घरी जातो, आणि बुंध्याजवळ धुमसत राहिलेला कोपरा दुपारी वारा सुटला की जंगलात शिरतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. त्या घराचं दोन महिन्यांचं उत्पन्न त्या फुलांवर असतं, त्यामुळे ‘आग लावू नका’ एवढं सांगून काही होत नाही.

उपाय दोन. एक, झाडाखाली जाळी बांधणं. फांद्यांच्या घेराइतकी बारीक विणीची जाळी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर खुंट्यांना ताणून बांधायची, मधे थोडा झोल ठेवायचा. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, त्यामुळे भावही बरा येतो. दोन, जाळी नसेल तर फांद्यांच्या घेराच्या बाहेर दोन मीटर रुंद पट्टा झाडून मातीपर्यंत मोकळा करायचा आणि आतला पाचोळा खराट्यानं गोळा करून खड्ड्यात भरायचा. दोन माणसांना एका झाडाला तास-दीड तास लागतो.

आणि तेंदूपत्ता?

आग लावली की पान चांगलं येतं हा समज अर्धा खरा आहे. झुडूप वरून गेलं की मुळांतून नवे धुमारे फुटतात, हे खरं. पण तेच काम कोयत्यानं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात झुडूप जमिनीलगत तिरपं छाटलं की साधारण दीड महिन्यात तोडणीजोगं पान तयार होतं. खात्याच्या भाषेत हे ‘शाखकर्तन’. आगीत शेजारची सागाची, धावड्याची, अंजनाची रोपं जळतात, छाटणीत ती वाचतात. फडावर पानं विकणाऱ्याला विचारा, जळालेल्या भागातलं पान जाड-बारीक असं मिसळ निघतं.

आग चढावर वेगानं जाते म्हणतात, ते खरं का?

अगदी खरं. उतारावर आगीची जीभ वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापून वाळतं आणि चटकन पेट घेतं. ढोबळ हिशेब असा की उतार दर 10 अंशांनी वाढला की वर जाण्याचा वेग दुप्पट होतो. 20 अंशांच्या टेकडीवर तो सपाटीच्या चौपट झाला. अरुंद घळ त्याहून वाईट, कारण ती धुराड्यासारखी हवा खेचते.

दिवसा वारा दरीतून वर चढतो, रात्री थंड हवा खाली उतरते. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड केलेले उतार जास्त सुकतात. पाताळपाणी ते कालाकुंड या पट्ट्यात दरी-उतार एकमेकांना इतके लागून आहेत की दुपारी वारा कुठून वळेल ते नीट सांगता येत नाही. माळव्याच्या संध्याकाळच्या वाऱ्याचं कौतुक आपण सगळेच करतो, ‘शब-ए-मालवा’ म्हणून मिरवतोही. वणव्याच्या माणसाला मात्र चार ते सातची ती झुळूक नकोशी वाटते. आग आवाक्यात येते ती रात्री नऊनंतर, हवेतला दमटपणा वाढतो आणि पाचोळा थोडा मऊ पडतो तेव्हा. पहाटे तीन ते सकाळी आठ ही वेळ आग विझवण्यासाठी सगळ्यात चांगली.

जाळरेषा म्हणजे नेमकं काय, आणि ती कशी करतात?

जिथं आगीला खायला काहीच नाही असा मुद्दाम तयार केलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. इथं ‘अग्निरेखा’ किंवा सरळ ‘फायर लाइन’ म्हणतात. जंगलाच्या हद्दीवर, रस्त्याकडेला आणि कक्षांच्या, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांच्या सीमांवर ती असते. रुंदी जागेप्रमाणे ठरते, 6 ते 12 मीटर ही नेहमीची. हे काम हंगामाआधी, 15 फेब्रुवारीपर्यंत संपलं पाहिजे.

क्रम असा. डिसेंबरमध्ये पट्ट्याच्या दोन्ही कडांना दीड-दोन मीटर रुंदीत गवत आणि झुडूप जमिनीलगत कापायचं. कापलेलं गवत आतल्या बाजूला टाकायचं, बाहेर कधीच नाही. आठ-दहा दिवस वाळू द्यायचं. मग दोन्ही कडांच्या पट्ट्या मातीपर्यंत झाडून घ्यायच्या आणि मधला भाग जाळायचा. जाळणं वारा पडलेला असताना, दव उडाल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास किंवा संध्याकाळी. पेटवायचं वारा ज्या टोकाकडे वाहतोय त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्यात तोंड घालून सावकाश सरकेल. दर 50 मीटरला एक माणूस, प्रत्येकाकडे फायर बीटर (आग दाबायची दांड्याची रबरी पट्टी), आणि टोळीत दोन भरलेले फवारणी पंप. जेवायला सुटण्याआधी पूर्ण पट्टा चालून बघायचा.

बिघडतं ते नेहमीच्या चार कारणांनी. पहिलं, काम उशिरा होतं आणि मार्चमध्ये जाळरेषा जाळतानाच वणवा लागतो. दुसरं, जाळरेषा जानेवारीत झाली, पण सागानं फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्यावर पुन्हा पानं टाकली. अशी रेषा नकाशावर असते, जमिनीवर नसते. म्हणून दर पंधरा दिवसांनी ती झाडावी लागते. तिसरं, रेषेवर आडवं पडलेलं एखादं जुनं लाकूड. आग त्यावरून पुलासारखी पलीकडे जाते. चौथं, रेषेलगतचं उभं वाळकं झाड. ते पेटलं की ठिणग्या 12 मीटर सहज ओलांडतात.

लीफ ब्लोअर खरंच उपयोगी आहे का?

पाचोळ्यासाठी फार. पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर घेऊन एक माणूस खराट्यानं झाडणाऱ्या चार-पाच जणांचं काम करतो. बहुतेक टू-स्ट्रोक मशीनना लीटरभर पेट्रोलमागे 20 मिली ऑइल लागतं, पण मशीनबरोबरच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा. ऑइल कमी पडलं तर इंजिन धरतं, जास्त झालं तर धूर आणि काजळी.

पेटलेल्या आगीवरही तो चालतो, पण एका अटीवर. तोंड नेहमी जळालेल्या बाजूकडे हवं. ज्वाळा आत ढकलायची आणि पुढचा पाचोळा बाजूला सारून मातीची पट्टी उघडी करायची. उलट्या बाजूनं एकदा फुंकलं तर निखारे न जळालेल्या भागात उडतात. कुसळीच्या उभ्या गवतात ब्लोअर कुचकामी. आणि तापलेल्या मशीनमध्ये पाचोळ्यात उभं राहून पेट्रोल भरू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

सहलीला बाफले (विस्तवावर भाजायचे कणकेचे गोळे) करायचे आहेत. चूल पेटवली तर चालेल का?

रालामंडल अभयारण्य आहे. तिथं आणि कुठल्याही राखीव जंगलात उत्तर ‘नाही’. हंगामात नाहीच नाही. घरून पोळीभाजी न्या. जंगलाबाहेर, मालकाच्या परवानगीनं शेतात किंवा फार्महाऊसवर करणार असाल तर पुढचं नीट वाचा.

बाफल्यांना गोवऱ्यांचा, इथल्या भाषेत कंड्यांचा विस्तव लागतो, आणि धोक्याची गोष्ट नेमकी तीच आहे. लाकडाची चूल विझली की विझल्यासारखी दिसते. कंड्याचा फुफाटा वरून पांढरा, थंड, निरुपद्रवी दिसतो आणि आत लालभडक असतो. शेणात गवताचे बारीक तंतू घट्ट बसलेले असतात. त्यांना हवा अगदी थोडी मिळते, म्हणून ते ज्वाळा न होता तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसतात. संध्याकाळी तुम्ही गाडीत बसून राजवाड्याला पोचलेले असता आणि रात्री वाऱ्यानं राख उडते.

जागा अशी निवडा जिथं चारही बाजूंनी तीन मीटर मातीच दिसेल आणि वर फांदी नसेल. एक फूट खोल खड्डा खणा, निघालेली माती काठावर ठेवा. 10 किलो कंड्यांसाठी 15 लीटरच्या दोन बादल्या पाणी आधीच भरून जवळ ठेवा. ते पाणी हात धुवायला वापरायचं नाही. बाफले निघाले की एक बादली हळूहळू ओता, काठीनं तळापर्यंत ढवळा, प्रत्येक कंडा फोडा. दुसरी बादली ओता, पुन्हा ढवळा. मग हाताची मागची बाजू राखेजवळ आणा, नंतर टेकवा. ऊब लागली तर अजून पाणी. नुसती माती लोटून झाकू नका. मातीखाली विस्तव टिकतो, आपण खेड्यात रात्री चूल राखून ठेवायला तेच तर करायचो.

फार्महाऊस जंगलाला लागून आहे. काय करावं?

घराच्या भिंतीपासून दीड मीटर काहीही पेटणारं नको: लाकडाचा ढीग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वाळक्या वेली. 10 मीटरपर्यंत गवत चार बोटांपेक्षा उंच वाढू देऊ नका आणि झाडांच्या खालच्या फांद्या दोन मीटरपर्यंत छाटा. कडब्याची गंजी घरापासून आणि कुंपणापासून 30 मीटर दूर. कुंपणाच्या बाहेर, वनहद्दीतला पाचोळा स्वतः जाळायचा नाही. आपल्या बाजूला तीन मीटरची मातीची पट्टी नांगरून ठेवा.

दोन गोष्टी हमखास विसरतात. छपराच्या पन्हळीत साठलेली कडुनिंबाची पानं आणि हिरव्या जाळीचा मांडव. जाळी पेटली की वितळून थेंब-थेंब गळते आणि प्रत्येक थेंब पेटता असतो. तिसरी गोष्ट पाण्याची. वणव्याच्या वेळी वीज जाते, मोटर बंद पडते. म्हणून 2000 लीटरची एक टाकी उंचावर ठेवून तिला नळी जोडा, म्हणजे पाणी आपोआप उतरेल.

जंगलात धूर दिसला. आधी काय करायचं?

आधी स्वतःची बाहेर पडायची वाट बघा, मग फोन. जवळच्या रेंज ऑफिसचा किंवा नाकेदाराचा नंबर फेब्रुवारीतच मोबाइलमध्ये घालून ठेवा. वनरक्षकाला इथं गावात नाकेदारच म्हणतात. तो नसेल तर 112. ‘चोरलजवळ आग लागली आहे’ एवढ्यानं कुणी पोचत नाही. हे सांगा: मोबाइलच्या नकाशातले अक्षांश-रेखांश, जवळचं ओळखीचं ठिकाण आणि कुठल्या बाजूला, आग गवतात की पाचोळ्यात, ज्वाळा किती उंच, चढावर जातेय की सपाटीवर, वारा कुठल्या दिशेला, गाडी कुठपर्यंत जाते. धुराचा रंगही सांगा. पांढरा म्हणजे ओलसर इंधन किंवा विझत आलेली, पिवळट-करडा दाट धूर म्हणजे जोर धरलेली.

आग एका खाटेएवढी असेल, ज्वाळा गुडघ्याखाली असेल, तुम्ही दोघं-तिघं असाल आणि मागं मोकळा रस्ता असेल, तरच हिरव्या फांदीनं विझवायला जा. नाहीतर बाहेर पडा.

सॅटेलाइटवरून आग कळते ना? मग फोनची गरज काय?

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या माहितीवरून एसएमएस आणि ईमेलनं इशारे पाठवते, आणि सामान्य माणूसही आपला जिल्हा निवडून नाव नोंदवू शकतो. जरूर नोंदवा. पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. व्हीआयआयआरएस या संवेदकाचा एक चौकोन 375 मीटरचा असतो, जुन्या मोडिसचा एक किलोमीटरचा. इशाऱ्यातला बिंदू हा चौकोनाचा मध्य, त्यामुळे खरी आग त्यापासून दोनशे मीटर इकडे-तिकडे, घळीच्या पलीकडच्या बाजूलाही असू शकते. शिवाय व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह साधारण दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. तीन वाजता लागून दहा वाजता विझलेली आग त्यांना दिसतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये हद्दीवरच्या शेतातली नरवाईही इशाऱ्यात आग म्हणून येते.

विझवायला जाणाऱ्या टोळीत काय-काय हवं?

आठ ते दहा माणसांची टोळी पुरते. चार फायर बीटर, दोन दंताळी, दोन फावडी, एक कुऱ्हाड, दोन कोयते, 16 लीटरचे दोन फवारणी पंप, एक ब्लोअर. पंप शेतातला असेल तर तीनदा धुऊन घ्या, कीटकनाशकाचा अंश तापून नाकात जातो. प्रत्येकाला डोक्याला टॉर्च, बूट, जाड सुती शर्ट आणि पँट, सुती रुमाल. नायलॉन, टेरिकॉट नको, ते अंगाला चिकटून वितळतं. पाणी माणशी तासाला पाऊण ते एक लीटर आणि ओआरएसची पाकिटं. आगीपेक्षा उन्हानं आडवे होणारे जास्त. चक्कर, उलटी, घाम बंद होणं, बरळणं, यातलं काही दिसलं की त्या माणसाला लगेच सावलीत नेऊन अंग भिजवा आणि दवाखान्यात पाठवा.

काम सुरू होण्याआधी चार गोष्टी ठरलेल्या पाहिजेत: उंचावर उभा राहून फक्त आगीकडे आणि वाऱ्याकडे बघणारा एक माणूस, त्याचा सगळ्यांशी संपर्क, दोन पळवाटा, आणि पळून जायची सुरक्षित जागा. चोरलच्या घळीत मोबाइल बंद पडतो, म्हणून शिट्टी. तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळं टाकून निघा.

फायर बीटर कसा चालवायचा?

दोन मीटरच्या दांड्याला रबराची जाड पट्टी, म्हणजे फायर बीटर. नसेल तर पळसाची किंवा धावड्याची पानांनी भरलेली हिरवी फांदी.

नवखा माणूस धोबी कपडे आपटतो तसा वरून आपटतो. त्यानं निखारे चारी बाजूंना उडतात आणि मागं दोन नव्या आगी लागतात. पट्टी ज्वाळेच्या बुडाशी ठेवायची, दाबायची, क्षणभर धरायची आणि जळालेल्या बाजूकडे ओढायची. दाब, धर, ओढ. ज्वाळेच्या शेंड्यावर मारून काही होत नाही, पेटतंय ते खाली. दोन माणसांत तीन मीटर अंतर ठेवा. पुढच्यानं ज्वाळा पाडायची, मागच्यानं राहिलेलं दंताळ्यानं आत ओढायचं, शेवटच्यानं पंपानं कड भिजवायची. दर 15 मिनिटांनी पुढचा माणूस मागं जातो, कारण पुढं धग सगळ्यात जास्त.

सुरुवात नेहमी आगीच्या शेपटीपासून, म्हणजे मागच्या कडेपासून, रस्ता, नाला किंवा आधीच जळालेला भाग पाठीशी धरून. दोन टोळ्या दोन्ही कुशींनी (बाजूंनी) पुढे सरकतात आणि आगीचं डोकं, म्हणजे पुढची धावती कड, अरुंद करत नेतात. डोक्यासमोर, वाऱ्याच्या तोंडी आणि चढावर आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही. ज्वाळा छातीच्या वर गेली, म्हणजे सव्वा मीटरच्या पुढे, की हातानं लढणं थांबवा. तेव्हा मागं सरून रेषा करायची.

प्रतिआग लावतात ती कशी?

येणाऱ्या आगीसमोर रेषा करून, रेषेच्या आतल्या कडेपासून आगीच्या दिशेनं पेटवायचं, म्हणजे दोघींच्या मधलं इंधन संपतं. ऐकायला सोपं आहे. रेषा अर्धवट असेल, वारा फिरला किंवा मधे कुणी अडकलं असेल तर आपणच दुसरा वणवा लावलेला असतो. खात्याचा अधिकारी समोर असेल आणि तो सांगेल तेव्हाच. स्वयंसेवकानं स्वतःहून कधीही नाही.

टँकर किंवा हेलिकॉप्टर का बोलवत नाहीत?

टँकर रस्त्यापुरता. एप्रिल 2024 मध्ये नैनीतालच्या आगीवर हवाई दलानं हेलिकॉप्टरला टांगलेल्या बादलीनं पाणी टाकलं होतं. पण तशा आगीतही कड शेवटी माणसांनाच विझवावी लागते. आपल्या पाचोळ्याच्या आगीला पाण्यापेक्षा मातीची अर्धा ते एक मीटर उघडी पट्टी जास्त कामाची.

वणव्यात सापडलो तर?

चढावर पळू नका. आग तुमच्यापेक्षा वेगानं चढते. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकिंगला गेलेली माणसं वाळलेल्या गवताच्या उतारावर आगीत सापडली आणि त्यातली कित्येक दगावली. गवताचा उघडा उतार मार्च-एप्रिलमध्ये ट्रेकसाठी निवडूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जानापावचाही नाही.

वाट असेल तर बाजूनं, आगीच्या कुशीकडे आणि खाली सरका. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे जळून काळी झालेली जमीन. ज्वाळा गुडघ्याएवढी असेल आणि पलीकडे काळी जमीन दिसत असेल, तर सुती कपडा तोंडावर धरून पार होता येतं. ते शक्य नसेल तर उघडा खडक, नदीचं पात्र, नांगरलेलं शेत. तुमच्यापासून ज्वाळेपर्यंतचं मोकळं अंतर सगळ्या बाजूंनी ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट हवं. पालथं झोपा, पाय आगीकडे, तोंड जमिनीजवळ, तिथं हवा थंड असते. कोरडी विहीर, गुहा, अरुंद घळ टाळा, तिथं धूर साचतो.

आग विझली असं कधी म्हणायचं?

ज्वाळा दिसेनाशी झाली तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशीच्या दुपारनंतर.

रात्री विझवलेली आग दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा उठते, हे इतक्या वेळा होतं की तो नियमच समजा. कारण कडेला तीन प्रकारचा विस्तव राहतो. एक, गुरांनी टाकलेलं वाळकं शेण. वरून राखाडी पापुद्रा, काठीनं फोडलं की आत लाल. सहलीतल्या कंड्याचीच गोष्ट, फक्त इथं ते शेकडो असतात. दोन, जुने खुंट आणि मुळं. आग मुळातून जमिनीखाली सरकते आणि मीटरभर पुढे बाहेर येते. तीन, पोकळ उभं झाड, विशेषतः सालई. ते आतून पेटतं आणि वरच्या भोकातून ठिणग्या टाकतं. त्याच्या खाली उभं राहू नका, ते न सांगता कोसळतं.

म्हणून कडेपासून आत 30 मीटर पट्टा हातानं तपासायचा. शेण फोडून पसरा, धुमसतं लाकूड आत ओढा, खुंटाभोवती खणून पाणी आणि माती कालवून चिखल भरा. उतारावरचं धुमसतं गोल लाकूड आडवं नको, उताराच्या दिशेनं उभं लावा, नाहीतर गडगडत रेषा ओलांडतं. त्याच्या खाली छोटी चारी खणली तर उत्तम. मग दोन माणसं 24 तास पाळतीवर. टोळी दमलेली असते, सगळ्यांना घरी जायचं असतं, आणि नेमकं हेच काम राहून जातं.

शेतातल्या नरवाईचा जंगलाशी काय संबंध?

हार्वेस्टरनं गहू काढला की उभं धसकट राहतं, मूग पेरायची घाई असते, काडी ओढली जाते. हद्दीवरच्या शेतातून आग थेट जंगलात शिरते. मध्य प्रदेश सरकारनं 1 मे 2025 पासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ आणि हमीभावानं खरेदी दोन्ही बंद करण्याचा निर्णय घेतला. दंडाच्या भीतीपेक्षा भुसा मशीन कामाला येतं: धसकट कापून भुसा होतो, तो विकला जातो. सुपर सीडर असेल तर धसकटातच पेरणी होते.

कायदा काय म्हणतो?

भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार राखीव जंगलात आग लावणं, किंवा जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा तशीच सोडून जाणं गुन्हा आहे. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 30 लागतं. कलम 79 कमी जणांना ठाऊक असतं: जंगलात चराईचा, जळणाचा हक्क असलेल्यानं किंवा तिथं मजुरीला असलेल्यानं आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

जळालेल्या जागी लगेच झाडं लावावीत का?

घाई नको. साग, पळस, तेंदू, धावडा मुळांतून पुन्हा फुटतात. पाऊस पडण्याआधी, मे-जूनमध्ये जळून वाकडी झालेली कोवळी रोपं जमिनीलगत साफ छाटा. पावसाळ्यात त्यातून सरळ धुमारा येतो. त्यानंतर खरा शत्रू गुरं. दोन-तीन वर्षं चराई बंद ठेवता आली तर बहुतेक जागा स्वतः सावरतात. उघड्या उतारावर माती वाहून जाऊ नये म्हणून जळकी लाकडं समपातळीत आडवी टाकून ठेवा. रोपं लावायची ती फक्त जिथं पहिल्या पावसाळ्यानंतरही काही फुटलं नाही तिथं.

आमच्या मंडळातली पंधरा-वीस मुलं मदतीला तयार आहेत. कधी यावं?

जानेवारीत. रेंज ऑफिसला आधी विचारून, रविवारी सकाळी सात ते अकरा, सोबत खराटे, दंताळी आणि पाणी. वीस जणांनी चार तासांत तीन मीटर रुंद पट्टा साधारण अर्धा किलोमीटर झाडून होतो, पाचोळा दाट असेल तर कमी. मग मार्चच्या पहिल्या रविवारी तोच पट्टा पुन्हा, कारण तोवर सागानं तो भरलेला असेल. अठरा वर्षांखालच्या मुलांना झाडण्याच्या कामाला आणा, आग विझवायला नको. एप्रिलमध्ये धूर बघून उत्साहानं गाड्या काढून येणाऱ्यांनी मात्र कृपया रस्त्याकडेला वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये, तापलेल्या सायलेन्सरनं गवत पेटतं.